राष्ट्रपतींच्या भाषणाची बातमी कशी करावी: सोलापूरच्या डेस्कवर नव्याने आलेल्यांसाठी

25 जानेवारीची संध्याकाळ नव्या उपसंपादकाची परीक्षा घेते. सात वाजता आकाशवाणी आणि दूरदर्शनवर राष्ट्रपतींचं भाषण सुरू होतं, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. आकाशवाणीवर मराठी अनुवाद लागतो रात्री साडेनऊला, म्हणजे आपल्या उपयोगाचा नाही. त्याच संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते. करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडे जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं तोवर सोडायची असतात. 26 तारखेला कार्यालयाला सुट्टी, त्यामुळे 27 ला अंक नाही. जे द्यायचं ते आजच. 2025 च्या यादीत आपल्या सोलापूरच्या मारुती चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाली, त्या रात्री भाषणाला किती जागा उरली असेल ते सांगायला नको. अशा रात्री भाषण दोन कॉलमांत गेलं तर ती चूक नाही. मजकूर न वाचता ते दोन कॉलमांत कोंबलं तर मात्र ती चूक आहे.

डेस्कवर नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायला शिकवते: हे वाक्य कुणाचं? राष्ट्रपतींच्या तोंडून आलं हे खरं, पण ते लिहिलं कुणी आणि त्याची जबाबदारी कुणाची? याचं उत्तर मिळाल्याशिवाय शीर्षकाला हात लावायचा नाही.

आधी भाषणाची जात ओळखा

आपल्या राष्ट्रपतींची भाषणं ढोबळमानाने तीन प्रकारची असतात.

पहिलं अभिभाषण. राज्यघटनेच्या कलम 87 नुसार लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनात आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला राष्ट्रपती दोन्ही सभागृहांसमोर एकत्र बोलतात. मूळ घटनेत हे प्रत्येक अधिवेशनाला होतं. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदा केलं. हा मजकूर मंत्रिमंडळाचा असतो. राष्ट्रपती तो वाचतात. म्हणून तर त्यात ‘माझे सरकार’ असा शब्दप्रयोग येतो. त्यातलं कौतुक म्हणजे सरकारने स्वतःच्या कामाचा मांडलेला हिशेब आणि त्यातली आश्वासनं म्हणजे सरकारचा पुढचा कार्यक्रम.

दुसरं, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येचं राष्ट्राला उद्देशून केलेलं भाषण. इथे सूर बराच व्यापक असतो. तरीही सरकारची धोरणं येतातच. 2025 च्या 25 जानेवारीला द्रौपदी मुर्मू यांनी ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयकाचा उल्लेख केला होता.

तिसरं, दीक्षांत समारंभ, उद्घाटनं, गौरव सोहळे, शताब्दी. इथे राष्ट्रपतींचा स्वतःचा आवाज सगळ्यात मोकळा ऐकू येतो. गंमत म्हणजे डेस्कवर हेच भाषण सगळ्यात निष्काळजीपणे कापलं जातं.

माझ्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगते. अभिभाषणाच्या बातमीला मी शीर्षक दिलं होतं, ‘राष्ट्रपतींनी थोपटली सरकारची पाठ’. शीर्षक चटपटीत होतं, वरिष्ठ घाईत होते, पान गेलं. दुसऱ्या दिवशी शहराच्या पूर्व भागातून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच विचारलं, “बाई, सरकारनं लिहिलेलं भाषण सरकारची पाठ कसं थोपटेल?” मला उत्तर नव्हतं. त्या शीर्षकाने हजारो वाचकांची समजूत करून दिली होती, की राजकारणापलीकडच्या एका पदाने सरकारला प्रशस्तिपत्र दिलं. तेव्हापासून अभिभाषणाच्या इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, ‘सरकारची भूमिका राष्ट्रपतींनी मांडली’ या अर्थाचं एक वाक्य मी घालतेच. चार-पाच शब्द जास्त लागतात, लागू देत.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. 27 जानेवारी 2000 रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन बोलले. राज्यघटनेने आपल्याला निराश केलं की आपणच राज्यघटनेला निराश केलं, याचा विचार करायला हवा, असा त्यांचा प्रश्न होता. त्या वेळी वाजपेयी सरकार घटनेच्या फेरविचारासाठी आयोग नेमण्याच्या तयारीत होतं. पुढच्याच महिन्यात न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली तो नेमला गेला. म्हणजे राष्ट्रपतींच्या वाक्याची दिशा सरकारच्या दिशेहून वेगळी होती, आणि बातमी नेमकी तिथे होती. हे अभिभाषण नव्हतं, हे माहीत असलेल्याच उपसंपादकाला त्या वाक्याचं वजन कळतं.

मजकूर मिळवा, एजन्सीची कॉपी नंतर

पीटीआय या वृत्तसंस्थेची कॉपी उत्तम असते, पण ती दिल्लीत बसून देशासाठी केलेली असते. आपल्याला पूर्ण मजकूर हवा. पत्र सूचना कार्यालय आणि राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळांवर हिंदी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर येतात. पत्र सूचना कार्यालयाच्या मुंबई विभागाकडून मराठी अनुवादही येतो, पण त्याची वाट बघत बसलात तर डाक आवृत्ती हुकते.

मजकूर आधीच हाती आला आणि त्यावर एम्बार्गो असेल, म्हणजे अमुक वेळेआधी देऊ नका अशी अट असेल, तर ती पाळायचीच. वेबसाइटवर दहा मिनिटं आधी टाकण्याचा मोह होतो. करू नका.

छापील मजकूर हातात असला तरी भाषण ऐकणं सोडायचं नाही. एका कानाला हेडफोन आणि हातात पेन्सिल. जिथे बोलणं आणि छापील ओळ जुळत नाही तिथे खूण. याचं कारण तमिळनाडूने 2023 च्या जानेवारीत दाखवून दिलं. राज्यपाल आर. एन. रवी यांनी विधानसभेतल्या अभिभाषणातले काही भाग वाचताना गाळले. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी लगेच छापील मजकूरच नोंदीवर राहावा असा ठराव मांडला आणि राज्यपाल सभागृहातून निघून गेले. त्या दिवशी छापील प्रतीवरून बातमी करून मोकळे झालेल्याच्या हातून खरी बातमी निसटली असती. आपल्याकडे विधिमंडळाच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात राज्यपालांचं अभिभाषण होतं, तेव्हाही हाच नियम.

हिंदीतून मराठीत येताना

हा भाग मी सगळ्यात सावकाश शिकवते, कारण इथे सगळ्यात जास्त अपघात होतात. लिपी एक, शब्द ओळखीचे, त्यामुळे घाईत आपण हिंदी शब्द तसाच उचलतो आणि अर्थ उलटापालटा होतो.

हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. ‘मुलींच्या शिक्षेवर सरकारचा भर’ असं वाक्य एका रात्री माझ्यासमोर पानावर लागलेलं होतं. प्रूफ वाचणाऱ्या काकांनी ते पकडलं म्हणून वाचलो. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे रिसर्च. ‘संविधान संशोधन’ हे ‘घटनादुरुस्ती’च व्हायला हवं. ‘समाधान’ म्हणजे तोडगा, मराठीत समाधान वाटतं ते वेगळं. ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, आपली आपत्ती पुराची किंवा दुष्काळाची. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. राष्ट्रपती ‘शांततेची चेष्टा’ करत नाहीत, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. आता मोबाइलवर भाषांतर करून घेण्याची सवय लागली आहे, त्यामुळे हे शब्द अधिकच बारकाईने तपासावे लागतात.

आपला वाचकही डोळ्यासमोर ठेवा. सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी आणि वर्तमानपत्र मराठी वाचणारी हजारो घरं आहेत. त्यांना ‘समावेशक विकासाच्या परिप्रेक्ष्यात’ असलं काही देऊ नका. ‘सगळ्यांना सोबत घेऊन’ म्हटलं की पुरतं.

क्रियापद निवडताना हात आखडता घ्या. ‘म्हणाल्या’, ‘सांगितले’, ‘आवाहन केले’ ही साधी क्रियापदं नव्वद टक्के काम करतात. ‘कान टोचले’, ‘खडे बोल सुनावले’, ‘चपराक’ हे मराठी शीर्षकांचे लाडके शब्द. ते वापरायचे तर कुणाचे कान, कोणत्या वाक्याने, हे दाखवता आलं पाहिजे. नारायणन यांच्या त्या भाषणाला ‘कान टोचले’ शोभलं असतं. अभिभाषणाला कधीच शोभत नाही.

पदनामाबद्दलही एक सांगते. प्रतिभाताई पाटील 2007 साली त्या पदावर गेल्या तेव्हा स्त्रीला ‘राष्ट्रपती’ म्हणावं का यावर मराठीत चर्चा झाली होती. शब्द तोच राहिला. ‘राष्ट्रपती म्हणाल्या’ असंच लिहायचं. भारताचे ते राष्ट्रपती, अमेरिकेचे, चीनचे, फ्रान्सचे ते राष्ट्राध्यक्ष. ही वाटणी मराठीने छान करून ठेवली आहे, ती मोडू नका. तसंच ‘काँग्रेससमोर भाषण’ असं नुसतं लिहिलंत तर आपला वाचक काँग्रेस पक्ष समजेल. ‘अमेरिकी संसदेसमोर’ लिहा. अब्जाचे कोटी करून द्या: एक बिलियन म्हणजे 100 कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. डॉलर असतील तर रुपयांत किती होतात तेही.

सोलापूरचा धागा शोधा, पण ओढूनताणून नको

स्थानिक दैनिकाने राष्ट्रपतींच्या भाषणाला जागा का द्यावी, असा प्रश्न नवी मुलं विचारतात. बरोबरच आहे. देशाची बातमी मोबाइलवर रात्रीच पोचलेली असते. आपण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पडणार, तर मोबाइलवर न मिळालेलं काहीतरी घेऊन गेलं पाहिजे.

31 जानेवारी 2024 ला नव्या संसद भवनात द्रौपदी मुर्मू यांचं पहिलं अभिभाषण झालं. गरिबांना दिलेली पक्की घरं हा अभिभाषणांतला नेहमीचा विषय. त्याआधी बाराच दिवस, 19 जानेवारीला, पंतप्रधानांच्या हस्ते आपल्या कुंभारीच्या रे नगरमध्ये 15,000 घरांच्या किल्ल्या देण्याचा सोहळा झाला होता. विडी कामगार, यंत्रमाग कामगार अशा श्रमिकांची ती वसाहत. मग अभिभाषणाच्या बातमीसोबत रे नगरची एक चौकट करायला काय हरकत? किती कुटुंबं राहायला गेली, पाणी येतं का, कारखान्यापर्यंत बस आहे का. दिल्लीतला आकडा आणि आपल्या गावातलं दार शेजारी शेजारी ठेवले, की वाचक दोन्ही वाचतो. आकडा तपासायला जिल्हा परिषद, महापालिका, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं कार्यालय आहे. फोन दुपारी करा. संध्याकाळी सहानंतर कोणी सापडत नाही.

कधी धागा परदेशातून येतो. चीनचे राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग सप्टेंबर 2014 मध्ये दिल्लीत आले, तेव्हा त्यांनी भाषणात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण काढली. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेला आणि 1942 मध्ये तिथेच वारलेला हा सोलापूरचा मुलगा. दिल्लीच्या कॉपीत सीमावाद आणि गुंतवणूक वर असणार, कोटणीस तळाला किंवा बाहेर. आपल्या अंकात ते वर आलेच पाहिजेत, सोबत भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकाचा फोटो. ही निवड फक्त सोलापूरचा डेस्कच करू शकतो.

मात्र धागा नसेल तर नसू द्या. ‘राष्ट्रपतींनी वस्त्रोद्योग हा शब्द उच्चारला, सोलापूरकरांत आनंद’ असली बातमी करण्यापेक्षा ती जागा पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाला द्यावी.

राष्ट्राध्यक्ष बोलले म्हणजे हुकूम निघाला असं नाही

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं भाषण हे वेगळंच प्रकरण. तिथे ते स्वतःच सरकारचे प्रमुख असतात, त्यामुळे ‘वाक्य कुणाचं’ याचं उत्तर सोपं: त्यांचंच. अडचण वेळेची आणि वजनाची आहे.

वेळ आधी. संसदेपुढचं त्यांचं मोठं भाषण वॉशिंग्टनच्या रात्री नऊला होतं. ही रात्रीची वेळ लिंडन जॉन्सन यांनी 1965 साली टीव्हीच्या प्रेक्षकांसाठी निवडली. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. आपला अंक वाटून झालेला. म्हणजे छापील बातमी पूर्ण एक दिवस उशिरा जाणार, आणि ‘ते म्हणाले’ एवढंच देऊन भागणार नाही.

वजनाचं उदाहरण सोलापूरला चांगलंच झोंबलेलं आहे. 4 मार्च 2025 ला डोनाल्ड ट्रम्प अमेरिकी संसदेसमोर सुमारे 100 मिनिटं बोलले. भारत मोटारींवर 100 टक्क्यांहून जास्त शुल्क लावतो, असा उल्लेख करून 2 एप्रिलपासून जशास तसे शुल्क लावण्याचं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडचा टेरी टॉवेल अमेरिकेला जातो. त्यामुळे अक्कलकोट रोड एमआयडीसीत ही बातमी कोणी परदेशी म्हणून वाचली नाही. पण त्या दिवशी बदललं काय? काहीच नाही. भाषण झालं होतं, आदेश निघायचा होता. मग घोषणा आली, स्थगिती आली, वाटाघाटी झाल्या आणि अखेर ऑगस्टमध्ये आधी 25 टक्के आणि 27 तारखेपासून आणखी 25 टक्के असा भार भारतीय मालावर पडला.

मार्चमध्येच ‘टॉवेल उद्योगावर संकट कोसळले’ असं लिहिलं असतं तर ऑगस्टसाठी शब्दच उरला नसता. म्हणून अशा बातमीत तीन ओळी ठळकपणे हव्यात: भाषणात काय म्हटलं, लागू होण्यासाठी अजून काय व्हावं लागेल, आणि आज काय लागू आहे. मग एखाद्या निर्यातदाराला आणि एखाद्या यंत्रमाग कामगाराला, दोघांनाही फोन करा. निर्यातदार ऑर्डरबद्दल सांगेल, कामगार पाळीबद्दल. फक्त पहिल्यालाच फोन करण्याची आपल्याला सवय आहे.

अमेरिकेत 1966 पासून विरोधी पक्षही टीव्हीवरून उत्तर देतो. ते उत्तर त्याच बातमीत जावं, दुसऱ्या दिवशी नव्हे. भाषणातले आकडेही जसेच्या तसे घेऊ नका. तिथल्या मोठ्या वृत्तसंस्था भाषण संपल्यावर काही तासांतच दाव्यांची पडताळणी देतात. आपल्याला एक दिवसाचा उशीर झालाच आहे, तर त्याचा निदान एवढा फायदा घ्या.

राष्ट्रपती जवळपास आले तर

2024 च्या सप्टेंबरमध्ये द्रौपदी मुर्मू वारणानगर, पुणे, उदगीर असा दौरा करून गेल्या. अशा कार्यक्रमाला जायचं तर जिल्हा माहिती कार्यालयाकडे नाव वेळेत द्या, पोलिसांची पडताळणी होते, ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. दोन-तीन तास आधी पोचा. नेटवर्क चालेलच असं नाही, म्हणून पार्श्वभूमीचे परिच्छेद ऑफिसातच लिहून ठेवा. फोटोची जागा ठरलेली असते, तिथून हलता येत नाही. मंचावरचे मान्यवर कोणत्या क्रमाने बसले ते टिपून घ्या, नाहीतर फोटोओळीत नावं चुकतात आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर फोन घेत बसावं लागतं.

श्रोत्यांकडेही बघा. दीक्षांत समारंभात राष्ट्रपती काय बोलल्या ते मजकुरात मिळेलच. घरात पहिल्यांदाच पदवी घेतलेली मुलगी मागच्या रांगेत आईला शोधत होती, हे मजकुरात मिळत नाही.

नंतरचे पंधरा दिवस

अभिभाषण एका दिवसात संपत नाही, आणि इथेच बहुतेक डेस्क सुटतात. बहुतेक वर्षी अभिभाषण 31 जानेवारीला, त्याच दिवशी आर्थिक पाहणी अहवाल, दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प. अर्थसंकल्पाच्या गदारोळात अभिभाषण विसरलं जातं. पण त्यावर दोन्ही सभागृहांत आभारप्रदर्शक ठरावाची चर्चा व्हायची असते. सदस्य दुरुस्त्या सुचवतात, पंतप्रधान उत्तर देतात. 2015 आणि 2016 मध्ये राज्यसभेत विरोधकांची दुरुस्ती मंजूर झाली. पहिल्या वेळी काळ्या पैशावरून, दुसऱ्या वेळी पंचायत निवडणुकीतल्या शिक्षणाच्या अटीवरून. सरकारच्या मजकुराला सभागृहाने शब्द जोडले, ही मूळ भाषणाहून मोठी बातमी होती. या चर्चेत सोलापूर किंवा माढ्याचे खासदार बोलले का, काय बोलले, हे संसदेच्या संकेतस्थळावर सापडतं. दिल्लीची एजन्सी ते पाठवणार नाही, ते आपणच शोधायचं.

मी दरवर्षी अभिभाषणाची प्रिंट काढून सोलापूरला लागू पडणारी आश्वासनं अधोरेखित करते आणि फाइलला लावते. पुढच्या जानेवारीत तीच प्रिंट बाहेर काढायची. मागच्या वर्षीचं कोणतं वाक्य यंदा गायब झालं आणि कोणतं फक्त आकडा बदलून पुन्हा आलं, हे शोधायला अर्धा तास लागतो आणि चांगली चौकट तयार होते.

येत्या 14 ऑगस्टला साडेसहाला डेस्कवर या. गेल्या दोन वर्षांची भाषणं वाचून आणि हेडफोन घेऊन या. 15 ला सुट्टी आहे, 16 ला अंक नाही.